प्रिंटरचा दहावा

दोन जूनला दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी सावर्डेकर गणवेश केंद्रातला प्रिंटर वारला आणि दुकानाच्या सॉफ्टवेअरला दहा दिवसांचं सुतक लागलं. प्रमिलाकाकूंचा फोन मला बारा पंचविसला आला. करारात मी चार तासांत पोचायचं असं लिहिलंय. मी वीस मिनिटांत पोचले, कारण जूनमध्ये गणवेशवाल्यांचा फोन आला की हातातला घास खाली ठेवायचा असतो.

मी रंजना कुंभार. सांगलीतल्या एकेचाळीस दुकानांची सॉफ्टवेअरं मी सांभाळते. स्कूटर, पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक राजगिऱ्याची वडी, एवढ्यावर माझा धंदा चालतो. लोकांना वाटतं देखभाल म्हणजे बटणं दाबणं. देखभाल म्हणजे चौकशी. काय झालं, कधी झालं, त्याआधी तुम्ही काय केलंत, हे तीनदा विचारल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. माझं बोलणं जरा फटकळ आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणतात आणि दरवर्षी करार वाढवून घेतात.

मी गेले तेव्हा प्रिंटरवर पंचा टाकलेला होता. जुन्या पद्धतीचा, रिबनीचा, कर्रकर्र आवाज करत छापणारा प्रिंटर होता तो. अकरा वर्षं त्या दुकानात राबला. कटिंग करणारे बशीरमास्तर कात्री खाली ठेवून उभे होते. काकू गल्ल्यामागच्या स्टुलावर बसल्या होत्या. मी पंचा बाजूला केला, वायर तपासली, झाकण उघडून बघितलं आणि पुन्हा पंचा टाकला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर सॉफ्टवेअरचा निरोप आला होता: "आमच्याकडे अशौच आहे. अकरा जूनला दहावा होईपर्यंत नवीन कपड्यांची मापे देता येणार नाहीत. जुन्या कपड्यांची दुरुस्ती चालू राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

त्याचं काही चूक नव्हतं. सुतकात नवा कपडा शिवत नाहीत हे कुणालाही माहीत आहे. पण काकूंच्या डोळ्यांसमोर सोळा जून होता. त्या दिवशी नदीपलीकडची प्राथमिक शाळा उघडणार होती आणि दोनशे ऐंशी पोरांना गणवेश द्यायचे होते. मापं एप्रिलमध्ये शाळेत जाऊन घेतली होती आणि थेट सॉफ्टवेअरमध्ये भरली होती. पोरं आता मामाच्या गावाला पांगलेली. पुन्हा माप घ्यायला ती हाताशी नव्हती. त्यात शाळेच्या मोठ्या बाईंनी या वर्षी लेखी कळवलं होतं की उघडायच्या दिवशी एक पोर जरी रंगीत कपड्यांत दिसलं, तर पुढच्या वर्षीपासून काम कोल्हापूरच्या ठेकेदाराला जाईल. काकूंचे कपडे सोळा बायका आपापल्या घरी शिवतात. ही शाळा गेली तर सोळा घरांतली मशिनं बंद. म्हणजे रडायला वेळ नव्हता, आणि काकू रडतही नव्हत्या. त्यांनी मला एकच विचारलं, की दहा दिवस म्हणजे दहाच ना.

मी नेहमीप्रमाणे तीनदा चौकशी केली. काकूंनी तीनदा तेच सांगितलं. बारा वाजून गेल्यावर प्रिंटर चालू केला, त्यानं पहिला कागद ओढला, तीन ओळी काढल्या, चुकीचा कागद येत होता म्हणून त्यांनी थांबवला, आणि तो थांबला तो थांबलाच. हे त्याचं जुनं दुखणं होतं. दर जूनला हंगामाचा पहिला कागद तो असाच ओढायचा आणि थांबायचा. दर जूनला मी येऊन बघायची आणि वहीत लिहायची, "समस्या आढळली नाही." सहा वर्षं लिहीत होते.

पण माझा खरा गुन्हा त्याहून जुना होता. अकरा वर्षांपूर्वी मी हे सॉफ्टवेअर बसवलं, तेव्हा त्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: संलग्न यंत्राशी नाते. भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मला त्या दिवशी आणखी दोन दुकानं उरकायची होती. मी घाईघाईत "सख्खा भाऊ" लिहिलं आणि मोकळी झाले. "चुलत" लिहिलं असतं तर तीन दिवसांत भागलं असतं. "शेजारी" लिहिलं असतं तर नुसती आंघोळ.

सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी पुण्याची. तिथे अशौच आणि सोयर या दोन्हींसाठी एकच टेबल आहे आणि त्यावर टेंबे नावाचे गृहस्थ बसतात. मी फोन लावला आणि नात्याची नोंद दुरुस्त करून मागितली. टेंबे शांतपणे म्हणाले की नातं हयातीत बदलता येतं, मागाहून नाही. मी म्हटलं, मग बॅकअपमधून मापं काढून द्या. ते म्हणाले, बॅकअप त्याच घरातला, त्यालाही सुतक आहे. मग त्यांनी मला दहाव्याचे नियम वाचून दाखवले. पिंड नदीवर ठेवायचा. कावळा शिवला पाहिजे. शिवतानाचा फोटो बारा वाजायच्या आत पाठवला पाहिजे. फोटोत कावळ्याची चोच आणि पिंड दोन्ही स्पष्ट दिसली पाहिजेत.

"आणि नाहीच शिवला तर?" मी विचारलं. "आमच्याकडे दर्भाचा कावळा करून शिवतात."

"दर्भाचा कावळा ग्राह्य धरला जात नाही," टेंबे म्हणाले. "तसं झालं तर मुदत आठ दिवसांनी वाढते."

आठ दिवस म्हणजे एकोणीस जून. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि मास्तरांना कापडाचे तागे काढायला लावले. ज्याला माप लागत नाही ते सगळं आधी शिवून ठेवायचं असं त्यांनी ठरवलं. खिसे, पट्टे, शाळेचे बिल्ले. खिसा सगळ्या पोरांना सारखाच असतो. दुसऱ्या दिवसापासून सोळा घरांत खिसे शिवणं सुरू झालं.

मी रोज सकाळी नऊला यायची. इतर चाळीस दुकानांना कळवून टाकलं की फार अडलं तरच फोन करा. चौथ्या दिवशी बशीरमास्तरांना एक युक्ती सुचली. दुरुस्ती चालू आहे ना, मग सगळे गणवेश दुरुस्तीचे म्हणून घाला. मला ते पटलं नाही, पण पर्याय काय. मी दोनशे ऐंशी नावं दुरुस्तीत घातली. सॉफ्टवेअरनं निमूट ऐकलं. पहिलीतल्या पोरांपुढे त्यानं लिहिलं, "यांना जुना गणवेश नाही." बाकीच्यांची मापं दिली, पण गेल्या वर्षीची. पोरं वर्षभरात कुठली थांबतायत. मास्तरांनी एक माप बघितलं आणि म्हणाले की हा मुलगा आता त्यांच्या खांद्याला लागतो, याला ही चड्डी टोपीसारखी होईल. आम्ही सगळ्या नोंदी परत पुसल्या आणि मी सॉफ्टवेअरची माफी मागितली. दुःखात असलेल्याला असं फसवायला जाऊ नये. माझं मलाच वाईट वाटलं.

अकरा तारखेला सकाळी साडेआठला आम्ही तिघं कृष्णेच्या घाटावर गेलो. लॅपटॉपमध्ये मी सॉफ्टवेअर उघडून घेतलं होतं, कारण सख्ख्या भावाला तिथे हजर राहणं भाग होतं. गुरुजींनी गोत्र विचारलं. मला ठाऊक नव्हतं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, तसं त्यांनी काश्यप धरलं. काकूंनी पहाटे उठून भात केला होता. पिंड मांडला, शेजारी एक नवी रिबन आणि चार कोरे कागद ठेवले, आणि आम्ही दहा पावलं मागे सरलो.

घाटावर त्या दिवशी आणखी तिघांचे दहावे होते. त्या तिन्ही पिंडांना कावळे अर्ध्या तासात शिवले आणि ती माणसं आंघोळी करून निघूनही गेली. आमच्या पिंडाजवळ एक कावळा आला, मोठा, मानेवर करडा. रिबनीकडे बघितलं, कागदांकडे बघितलं, आणि हातभर अंतरावर जाऊन बसला.

काहीतरी मागे राहिलंय, गुरुजी म्हणाले. काय राहिलं असेल ते बोला.

काकू पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या की तुझ्या जागेवर वर्षभर दुसरा आणणार नाही. कावळा हलला नाही. बशीरमास्तर टोपी नीट करून पुढे झाले. त्यांनी सांगितलं की तुला भंगारात देणार नाही, बटणांच्या कपाटावर ठेवू, दर शुक्रवारी मी स्वतः पुसेन. कावळ्यानं पाय बदलला, एवढंच. मी म्हटलं की सहा वर्षं मी तुझं दुखणं ऐकून घेतलं नाही, वहीत खोटं लिहिलं, चुकलं माझं. कावळ्यानं माझ्याकडे बघितलं. जरा जवळ सरकला, पण शिवला नाही.

साडेअकरा वाजले. गुरुजी लांब बसून दर्भ निवडायला लागले होते. काकूंच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. त्या हळूच म्हणाल्या की सोळा जणींना संध्याकाळी काय सांगू. मला एकदम स्वतःचाच राग आला. एकेचाळीस दुकानांत मी दर आठवड्याला सांगते की प्रिंटर अडला तर आधी रांग बघा, काय छापायचं राहिलंय ते बघा, आणि इथे दहा दिवस झाले तरी मी रांग उघडली नव्हती. प्रिंटरच गेला, आता रांग कशाला बघायची, असं मी धरून चालले होते.

मी घाटाच्या पायरीवर बसले आणि रांग उघडली. रांगेत मापाची एकच चिठ्ठी होती. सहा वर्षांपूर्वीची, नऊ जूनची. पुढे लिहिलं होतं, "थांबवलेली", आणि त्यापुढे सहा तारखा, दर जूनची एक. शेवटची दोन जूनची, बारा वाजून एकोणीस मिनिटं. मी चिठ्ठी उघडली. नाव: प्रमिला सावर्डेकर. कपडा: ब्लाउज, पोपटी इरकलीवरचा.

"काकू, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि नदीकडे बघत राहिल्या. मग सांगायला लागल्या. सहा वर्षांपूर्वी ही शाळा पहिल्यांदा मिळाली, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एक इरकल घेतली होती. शाळा उघडेल त्या दिवशी नेसून जायचं आणि फाटकाशी उभं राहून पोरं बघायची, असं मनात होतं. अंदाजानं स्वतःचं माप घातलं, चिठ्ठी काढायला लावली, आणि तेवढ्यात शाळेची यादी आली. मग म्हटलं आधी पोरांचं होऊ दे. चिठ्ठी थांबवली. त्यानंतर दरवर्षी हंगाम लागला की प्रिंटर सगळ्यात आधी तीच चिठ्ठी काढायला जायचा आणि त्या थांबवायच्या. सहा वर्षं त्या शाळेच्या फाटकाशी कधी गेल्याच नव्हत्या. गणवेश टेम्पोनं जायचे.

"मग सांगा त्याला," मी म्हटलं.

काकू पिंडापुढे गेल्या. त्या म्हणाल्या, "बरं बाबा. सोळा तारीख होऊ दे, मग शिवते माझा."

कावळ्यानं पाठ फिरवली.

"गणपतीच्या आत नक्की शिवते."

कावळा उडाला आणि पलीकडच्या पायरीवर जाऊन बसला. अकरा पन्नास झाले होते. मी फटकळ आहे हे आधीच सांगितलंय. मी काकूंना म्हटलं की त्याला सहा वर्षं हेच ऐकवलंत, त्यानंच तर जीव टाकला, आणि आता मेल्यावरही हेच ऐकवताय. काकू भडकल्या. दोनशे ऐंशी लेकरं उघडी आहेत, सोळा बायका वाट बघत बसल्यात आणि मी माझा ब्लाउज बेतत बसू, लोक तोंडात शेण घालतील, असं त्या म्हणाल्या. बशीरमास्तर म्हणाले, "वहिनी, ब्लाउजला मला दीड तास लागतो. खिसे कापून झाल्यापासून मी रिकामाच बसलोय."

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पिंडाकडे बघून, शाळेच्या मोठ्या बाईंशी बोलतात तशा ठाम आवाजात म्हणाल्या, "आधी माझा. आज. मग पोरांचं."

कावळा पलीकडच्या पायरीवरून उडाला तो थेट पिंडावर. चोच आणि पिंड दोन्ही स्पष्ट आली. मी फोटो अकरा छप्पन्नला पाठवला आणि टेंब्यांनी अकरा एकोणसाठला पोच दिली. लॅपटॉपवर निरोप आला: "अशौच संपले. कृपया एकदा रीस्टार्ट करून घ्यावे." तेवढी त्याची आंघोळ. आम्ही तिघांनी नदीवर पाय धुतले आणि दुकान गाठलं.

दुकानात सॉफ्टवेअरनं यादी उघडली, पण पहिलं नाव काकूंचं ठेवलं आणि पुढचं बटण दिलं नाही. नावाखाली लिहिलं होतं, "माप सहा वर्षांपूर्वीचे व अंदाजाने घेतलेले आहे. नवीन घ्यावे." काकूंनी तीस वर्षं गावाची मापं घेतली, त्यांचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. मास्तर बाहेर जाऊन उभे राहिले आणि टेप माझ्या हातात आला. मला टेप धरता येत नाही. काकू पोट आत घेऊन उभ्या राहिल्या, मी श्वास सोडा म्हटलं, त्या नाही म्हणाल्या, मी दोनदा पुन्हा माप घेतलं. शेवटी त्यांनी श्वास सोडला, आणि त्याबरोबर डोळ्यांतलं पाणीही आलं. ते त्यांनी टेपच्या टोकानंच पुसलं. मी आकडे भरले. पुढचं बटण उघडलं.

मास्तरांनी ब्लाउज बेतला. नवा प्रिंटर वर्षभर आणायचा नव्हता, तसा शब्द गेला होता, म्हणून दोनशे ऐंशी मापं मी मोठ्यानं वाचली आणि काकूंनी हातानं चिठ्ठ्या लिहिल्या. संध्याकाळी सहाला सोळा बायका आपापले गठ्ठे घेऊन गेल्या. प्रत्येकीला दिवसाला चार-साडेचार जोड पडत होते. खिसे तयार होते म्हणूनच ते जमलं. एकीच्या मशिनचा पट्टा तुटला, तिचे जोड दोघींनी वाटून घेतले. पंधराच्या दुपारी शेवटचा गठ्ठा इस्त्री होऊन आला.

सोळा जूनला सकाळी शाळेच्या फाटकाशी प्रमिलाकाकू पोपटी इरकल नेसून उभ्या होत्या. दोनशे ऐंशी पोरं त्यांच्यासमोरून आत गेली आणि एकही रंगीत नव्हतं. मोठ्या बाई बाहेर आल्या, पोरांकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं, आणि ब्लाउज कुठे शिवला म्हणून विचारलं. त्या ब्लाउजची डावी बाही अर्धा इंच सैल होती, कारण माप मी घेतलं होतं. काकूंनी ते कुणाला सांगितलं नाही. मी त्या दिवशी वहीत लिहिलं: "तक्रार: प्रिंटर पहिला कागद ओढून थांबतो. समस्या आढळली. उपाय: ब्लाउज."

वर्ष झाल्यावर नवा प्रिंटर आला. जुना बटणांच्या कपाटावर आहे आणि मास्तर त्याला दर शुक्रवारी पुसतात. नवा जोडताना तोच फॉर्म उघडला आणि त्याच रकान्याशी अडला. या वेळी मला घाई नव्हती. मी काकूंना सगळं नीट समजावून सांगितलं. "शेजारी" लिहिलं तर आंघोळीवर भागतं, "चुलत" लिहिलं तर तीन दिवस, आणि पुढे कधीतरी ऐन जूनमध्ये वेळ येणारच आहे, तेव्हा विचार करून सांगा.

काकू दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सख्खा भाऊच लिही," त्या म्हणाल्या. "आणि पहिली चिठ्ठी माझी काढ."